हलवाई विरुद्ध फौजदार

मला त्या माणसाचा अजून राग येतो. छत्रीबागेत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी अडीच वर्षं भाड्यानं राहिले. तोंडावर काका म्हणायचे, मनात 'तो माणूस'. जळगावहून नोकरीसाठी इंदूरला आले तेव्हा ऑफिसातल्या एका मुलीनं पत्ता दिला आणि म्हणाली, "घर चांगलं आहे, मराठी लोक आहेत. फक्त काका थोडे गरम आहेत." थोडे!

पहिल्याच दिवशी त्यांनी मला जिन्यावर अडवलं. माझ्या हातात दोन बॅगा होत्या.

"जळगावची का तू?"

"हो."

"मग ऐक. आमच्याकडे मराठी अशीच बोलतात. आमचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते, तेव्हापासून. हिंदी शब्द आला की तोंड वाकडं करायचं नाही. मागच्या भाडेकरूनं केलं होतं, त्याला चलता केला मी."

मी तोंड वाकडं केलं नव्हतं. बॅगा जड होत्या म्हणून झालं असेल.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून ते रिटायर झाले होते. उंची बेताची, मान बैलासारखी, आणि दोन्ही कान पिळून सोडल्यासारखे गोळा झालेले. लहानपणी 'जुनी इंदूर' भागातल्या तालमीत जायचे, त्याची ती खूण. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली की ते ओला-सुका वेगळा करून दारात उभे. दुसऱ्या कोणी ओल्यात प्लास्टिक टाकलेलं दिसलं की गाडी थांबवून हात घालून ते बाहेर काढायचे आणि ज्याचं त्याच्या दारात नेऊन ठेवायचे. "भिया, ये आपका है." शेजारी सगळे त्यांना टाळायचे.

एकदा नाक्यावरच्या पोहेवाल्यानं पोह्यांवर डाळिंबाचे दाणे घातले. हल्ली सगळेच घालतात. काकांनी ती प्लेट घेतली, एकेक दाणा वेचून काउंटरवर ओळीनं मांडला. मागे गिऱ्हाइकांची रांग. दाणे संपल्यावर म्हणाले, "पोहे म्हणजे पोहे. सेव, जीरावन मसाला, कांदा. ये फ्रूट सलाद खाने वाले को बुला ले, मैं जाता हूँ." आणि न खाताच निघाले. पोहेवाला मला ओळखायचा. म्हणाला, "दीदी, आप रहती कैसे हो वहाँ?"

काकूंमुळे राहत होते, दुसरं काय.

काकू त्यांच्याहून बऱ्याच लहान दिसायच्या. मी यायच्या आदल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. पाय सावरला, बोलणंही बरंचसं सावरलं, फक्त शब्द जरा ओढत यायचे. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. तो मांडीवर दुमडून ठेवायच्या आणि डाव्या हातानं पोळ्या सोडून जवळजवळ सगळं करायच्या. पोळ्या काका करायचे. जाड, करपलेल्या, आणि त्याबद्दल कोणी बोललं की गॅस बंद.

भेटायला येणारी माणसं काकूंसमोर बसून काकांना विचारायची, "आता कशी आहे हिची तब्येत?" एकदा काकांच्या धाकट्या बहिणीनं असंच विचारलं. काका केवढ्यानं ओरडले! "तिला विचार ना! समोर बसून राहिली आहे. तोंड आहे तिला, कान आहेत. मी काय तिचा पीए आहे का?" बहीण रडत घरी गेली. त्या दिवशी मला हा माणूस पहिल्यांदा आवडला. म्हणून पुढचं जे झालं त्याचा जास्त राग आला.

ह्यांच्या घरात रोज चार वाजता कुस्ती व्हायची. टीव्हीवर. त्यांचा मुलगा शाळेत होता तेव्हा जेल रोडच्या बाजारातून त्याच्यासाठी व्हिडिओ गेम आणला होता, त्याबरोबर एक कुस्तीची कॅसेट. चौकोनी दोरांचा आखाडा, ठेंगणे ठेंगणे पैलवान, टुंगटुंग संगीत. मुलगा मोठा झाला, पुण्याला गेला, त्याची पोरं मोठी झाली, आणि इकडे हे दोघं चारचा चहा झाला की तीच कॅसेट फुंकर मारून लावायचे. खेळातल्या पैलवानांची इंग्रजी नावं कधी वाचलीच नव्हती त्यांनी. पोट सुटलेल्या निळ्या चड्डीवाल्याला 'हलवाई' म्हणायचे, तो कायम काकूंचा. मिशीवाला, हिरव्या पॅन्टचा तो 'फौजदार', काकांचा.

त्यात चीत करायची पद्धत साधी होती. पडलेल्याच्या अंगावर तुम्ही झोपलात की पंच तीन मोजतो. खाली अडकलेल्यानं तेवढ्यात बटणं भराभर दाबून सुटायचं. जितकं जलद दाबाल तितकं लवकर सुटाल.

काकू सांगायच्या, "लग्नानंतर पत्ते खेळलो, कॅरम खेळलो, सारीपाट खेळलो. ह्या माणसानं एक डाव मला सोडला नाही गं. मला मलेरिया झाला होता, अंगात ताप, तेव्हासुद्धा कॅरममध्ये मला हरवून मग क्रोसीन दिली." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नसायची. अभिमान असायचा.

काकांनी सोडलं नसतंच. त्यांचा तालमीतला एक किस्सा गल्लीत सगळ्यांना पाठ होता. नागपंचमीच्या कुस्त्यांच्या दंगलीत ते लढले होते, विशीतले असताना. झटापटीत त्यांची पाठ मातीला लागली. पंच दुसऱ्या बाजूला होता, त्याला दिसलं नाही. पुढं काकांनी समोरच्याला पाडलं, पंचानं काकांचा हात वर केला, ढोल वाजला. आणि हे हात हिसडून पंचावर ओरडले, "माझी पाठ लागली होती! दिसत नाही तर इथे उभा कशाला राहिलास?" मग हरलेल्या पैलवानाकडे वळले, "आणि तू रे? तुला माहीत होतं ना? बोलला का नाहीस?" वस्तादांनी त्यांना तिथेच कानाखाली मारली. तालमीची अब्रू घालवली म्हणून परत येऊ नकोस म्हणाले. ते गेले नाहीत. पण हा किस्सा ते कधी बढाई म्हणून सांगायचे नाहीत. सांगताना त्यांचा आवाज चढायचा, जणू पंच आत्ताच समोर उभा आहे.

असा माणूस.

एका शनिवारी मला सुट्टी होती. चार वाजता खाली चहाला गेले होते. कुस्ती चालली होती. काकूंनी कंट्रोलर मांडीवर आडवा ठेवलेला, डाव्या हाताच्या अंगठ्यानं हलवायचं आणि त्याच हाताचं बोट लांब करून बटण दाबायचं, असं चाललं होतं. हलवाईनं फौजदाराला पाडलं, वर झोपला. पंचानं मोजलं. एक, दोन, तीन. काकू जिंकल्या.

"शाब्बास!" काका म्हणाले. "आज परत जिंकलीस. फॉर्ममध्ये आहेस."

काकूंनी कंट्रोलर बाजूला ठेवला. सावकाश ठेवला.

"अंगठा उचलला तुम्ही," त्या म्हणाल्या.

"काय बोलून राहिलीस?"

"तो खाली अडकला होता तेव्हा बटण दाबत नव्हतात. अंगठा वर धरला होतात. कालपण. परवापण."

"काही पण! अगं, माझं वय झालं, बोटं नाही चालत आता."

"मघाशी डब्याचं झाकण उघडलंत तुम्ही, मला उघडत नव्हतं ते. बोटं चालतात." त्यांचा श्वास चढला होता, शब्द जास्तच ओढले जात होते. "हात गेलाय माझा. डोळे नाही गेले."

"मी तर तुझ्या चांगल्यासाठीच..."

"मलेरियात हरवलंत मला! तेव्हा मी तुमच्या बरोबरीची होते. आता काय झाले? मेले का मी? पोराला जिंकवतात तसं रोज जिंकवताय. ती तुमची बहीण निदान तोंडावर विचारते. तुम्ही तर..."

पुढचा शब्द त्यांना सापडेना. झटक्यानंतर कधी कधी असं व्हायचं, शब्द ओठावर येऊन अडायचा. काका पुढं होऊन तो शब्द द्यायला गेले. "फसवलं? फसवलं म्हणायचंय का?" आणि काकूंनी डाव्या हातानं चहाचा कप भिंतीवर फेकला.

मी तिथेच उभी होते. काका फडकं आणून भिंत पुसायला लागले आणि पुसता पुसता माझ्यावर ओरडले, "बघत काय राहिली? काच आहे, चप्पल घाल!"

त्यानंतर दोघं बोलेनात. चार वाजता टीव्ही बंद. मला वाटलं होतं हा माणूस माफी मागेल. छे! पोळ्या आणखी जाड झाल्या. कचरागाडीवाल्याशी रोज भांडण. मला जिन्यावर बोलणी, दुचाकी तिरकी लावली म्हणून, चप्पल वाजते म्हणून, पाणी जास्त वापरते म्हणून. आतून स्वतःवर चिडलेला माणूस सगळ्या गल्लीला त्याचा दंड भरायला लावत होता. हे मला तेव्हाही दिसत होतं, पण दिसलं म्हणून राग कमी होत नाही.

काकूच वर आल्या एके दिवशी. कठड्याला धरून, एकेक पायरी, धापा टाकत. माझ्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरवाली आहेस ना? एका हाताचं काही असतं का?"

मला लगेच समजलं नाही.

"कुस्तीचं गं. एका हातानं नीट खेळता येईल असं. मला जिंकायचं नाहीये. मला नीट हरायचं आहे."

त्याच सुमारास तो जुना खेळ कंपनीनं सुधारून परत बाजारात आणला होता. ऑफिसातली मुलं त्याच्याबद्दल बोलत होती, म्हणून मला माहीत. शोधून बघितलं तर त्यात सगळी बटणं आपल्याला हवी तिथे, एकाच हाताखाली आणता येत होती. भराभर दाबायच्या ऐवजी बटण नुसतं दाबून धरायची सोय होती. धरलं की मशीन ठरावीक वेगानं दाबत राहणार. माझ्याकडे गेमचं एक छोटं मशीन होतं. त्यावर तो खेळ घेतला आणि रविवारी त्यांच्या टीव्हीला जोडला.

काका दारात हाताची घडी घालून उभे. चित्र उमटलं, झकास, स्वच्छ. पैलवानांच्या अंगावर घाम चमकत होता.

"हलवाईचं पोट कुठं गेलं?"

खरंच. सुधारताना कंपनीनं हलवाईला बारीक केला होता. पोटाच्या जागी छाती आली होती.

"अरे! हे काय करून ठेवलं? पोट हीच त्याची ताकद होती. पोटानं दाबायचा तो! कोण आहेत हे लोक, विचारून करतात का काही?" मी घाईघाईनं सेटिंगमध्ये जाऊन जुनं रूप लावलं. पोट परत आलं. काकू हसल्या. मग माझा हात चुकून भलत्या बटणावर पडला आणि पडलेला पैलवान उलटा उठत उठत हवेत जाऊन परत उभा राहिला.

"हे काय?"

"काका, यात मागे जाता येतं. चूक झाली तर थोडं मागे जाऊन परत खेळायचं."

"हरला तर?"

"तरी जाता येतं."

त्यांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे पाठ लागली तरी नाही लागली! वा! आणि हे, बटण दाबून धरलं की सुटका? ही कुस्ती आहे की लिफ्ट? मॅडमजी, हे उचला आणि घेऊन जा. माझ्या घरात बेईमानी चालणार नाही."

"बेईमानी?" काकू म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. त्या एका शब्दानंतर काका दारातून दिसेनासे झाले.

मी मागे जाण्याची सोय बंद केली. काकूंचीही तीच मागणी होती. मग आम्ही दोघी खेळायला लागलो, मी ऑफिसातून आल्यावर, दिवेलागणीच्या आधी. मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही. काका आतल्या खोलीत पेपर उघडून बसायचे, पण त्यांचं पान उलटलेलं कधी ऐकू यायचं नाही. काही दिवसांनी खुर्ची दाराजवळ आली. मग आवाज.

"मागून पकड! मागून! अगं ती पाठ दाखवून राहिली आहे तुला!"

मी मागून पकडायला गेले आणि दोरावर आपटले.

"मॅडमजी, तुम्ही कुस्ती खेळून राहिल्या की भांडी घासून राहिल्या? सरका. सरका तिकडे." त्यांनी माझ्या हातातून कंट्रोलर ओढून घेतला.

फौजदार आखाड्यात आला. काकांनी बसता बसता उजवा हात मांडीखाली दाबला आणि डाव्यानं कंट्रोलर धरला. मला वाटलं, अरे, बरं सुचलं या माणसाला.

"हात काढा," काकू म्हणाल्या.

"बरोबरीचं होईल ना..."

"हात काढा तो. मला तुमचा उपकाराचा हात नको. दोन्ही हातांनी खेळा, नाहीतर उठा."

काकांनी हात काढला. दोन्ही हातांनी खेळले. आणि काय निर्दयपणे खेळले! हलवाईला उचलून आपटलं, दोरावर फेकलं, कोपऱ्यातल्या खांबावर चढून त्याच्यावर उडी मारली. चीत केल्यावर "फौजदार! फौजदार!" म्हणत मांडी ठोकली. एका अपंग बाईसमोर! मला त्यांच्या डोक्यात तो कंट्रोलर घालावासा वाटत होता. काकूंकडे बघितलं तर त्यांच्या कपाळावर घाम, गाल लाल, वाकड्या ओठांतून शिव्या. इतक्या जिवंत मी त्यांना कधी बघितल्या नव्हत्या.

"परत," त्या म्हणाल्या.

मशीन मी खालीच ठेवलं, पुन्हा रोज चार वाजता कुस्ती सुरू झाली, आणि त्या हरत राहिल्या. आठवडेच्या आठवडे. सुट्टीच्या दिवशी मी कधी कळवळून म्हणाले, "काका, जरा..." की दोघं एकदम माझ्यावर ओरडायचे. फिजिओथेरपीवाला यायचा, बोटं उघडमीट करायला लावायचा, त्याला काकू सांगायच्या, "चार वाजायच्या आत संपव बाबा."

काकूंचं डोकं मात्र चालू होतं. काकांची एक खोड त्यांनी हेरली होती. समोरचा निपचित पडला की काकांना राहवायचं नाही, खांबावर चढून उडी मारायचीच. गरज नसली तरी. दिखावा.

मग एका रविवारी हलवाई पडला आणि पडूनच राहिला. काकूंनी अंगठा मुद्दाम स्थिर ठेवला. फौजदार खांबावर चढला, दोन्ही हात पसरले, उडाला. काकूंचा अंगठा किंचित सरकला. हलवाई लोळला. फौजदार रिकाम्या जमिनीवर तोंडावर आपटला, आणि ते जुनं मोठं पोट त्याच्यावर आडवं झालं.

एक.

मी टीव्हीकडे बघत नव्हते. मी काकांच्या बोटांकडे बघत होते. दोन्ही अंगठे इतक्या जोरात बटणांवर आदळत होते की प्लास्टिक कुरकुरत होतं. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, दात आवळलेले.

दोन.

"सुट ना! सुट ना साल्या!"

तीन.

घंटा वाजली. मग काकांनी कंट्रोलर गादीवर फेकला, तो उसळून जमिनीवर गेला.

"चीटिंग आहे! पडून राहायचं नाटक केलं! हे कुस्तीत बसत नाही. आणि हे मशीन! हिनं काहीतरी करून ठेवलंय," माझ्याकडे बोट, "ही रोज संध्याकाळी सेटिंगमध्ये जाऊन राहिली होती, मी बघितलंय! मॅडमजी, पुढच्या महिन्यात खोली रिकामी पाहिजे मला!"

काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. काकांना ते बघवेना. चपला उलट्यासुलट्या घालून बाहेर पडले.

ते गल्लीत कुणाकुणाकडे गेले ते नंतर कळलं. पानवाल्याकडे, देवळातल्या पुजाऱ्याकडे, ज्यांच्या दारात प्लास्टिक ठेवून यायचे त्या सगळ्यांकडे. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्यांच्याकडेही. हातवारे करून प्रत्येकाला सांगितलं, कशी पडून राहिली, कशी ऐन वेळी लोळली, एका हातानं कसा फौजदार चीत केला, आणि हा न्याय आहे का भिया, तूच सांग. संपूर्ण छत्रीबागेत अंधार पडायच्या आत बातमी झाली.

मला खोली खरंच सोडावी लागली. तो माणूस दिलेला शब्द मागे घेत नाही, चुकीचा असला तरी. सामान बांधताना मी त्याला मनात काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आजही नवीन घराच्या बाल्कनीत उभी राहिले की वाटतं, जाऊन दोन शब्द ऐकवून यावेत.

पण त्या संध्याकाळी मी खालीच बसून होते. आधी समोरच्या वहिनी आल्या, मग पोहेवाल्याची बायको, मग दोन मुली, मग पुजारीबाबा स्वतः. सगळे सरळ काकूंसमोर जाऊन बसले आणि काकूंनाच विचारायला लागले. कसं केलं? कुठून सुचलं? परत दाखवता का? काकू ओढत ओढत, शब्दासाठी थांबत, सगळं पहिल्यापासून सांगत होत्या, आणि लोक त्यांच्या शब्दासाठी थांबत होते.

काका परत आले तेव्हा उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग. त्या पायानं बाजूला सारून ते आत शिरले, कुणाकडे बघितलं नाही, आणि धाडकन दार लोटायला गेले.

"राहू द्या उघडं," काकू म्हणाल्या. "अजून कोणी येईल."